म्हैस होती, याचा पुरावा

दुभती गाय किंवा म्हैस 37,500 रुपये. बैल 32,000. वासरू 20,000. शेळी, मेंढी, डुक्कर 4,000. कोंबडी 100 रुपये फक्त.

हा बाजारभाव नव्हे. बाजारात ज्या म्हशीला एवढाच भाव येतो ती म्हैस घेऊ नये, तिच्यात काहीतरी खोट असणार, असं आमच्याकडची जाणती माणसं सांगतात. हे आहेत केंद्र सरकारच्या आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 या काळासाठीचे दर. ते मिळायचे तर जनावराला आधी मरावं लागतं. तेही कसंही मरून भागत नाही. यादीतल्या कारणाने मरावं लागतं, मालकाच्या हद्दीत मरावं लागतं, आणि मेल्यावर तलाठी येईपर्यंत जागेवर थांबावं लागतं. शेवटची अट पाळणं पुरात जरा कठीण जातं.

यादी मात्र उदार मनाने केलेली आहे. दुभत्या जनावरांत गाय-म्हशींच्या जोडीला उंट आहे, याक आहे, मिथुन आहे. ओढकामाच्या जनावरांत बैलाशेजारी पुन्हा उंट आणि घोडा. वासराला बसवलंय गाढव, तट्टू आणि खेचर यांच्या पंगतीत. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात अजून कुणी याक पाळलेला नाही, पण उद्या चांदेलच्या चढावर एखाद्याने पाळलाच, तर सरकार गाफील सापडणार नाही. आपत्त्यांची यादीही तशीच दूरदृष्टीची. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, हिमस्खलन, ढगफुटी, किडींचा हल्ला आणि दंव व शीतलहर. डिचोलीच्या बाजारात एखादी म्हैस हिमस्खलनाखाली सापडली, तर तिच्या मालकाने मुळीच घाबरू नये. पण तीच म्हैस ऑक्टोबरच्या संध्याकाळी माळावर वीज पडून मेली, तर थोडं घाबरावं. केंद्राच्या या यादीत वीज नाही. ती राज्याने हवी तर ‘स्थानिक आपत्ती’ म्हणून धरायची, आणि तिच्यावरचा खर्च वर्षाच्या निधीच्या 10 टक्क्यांत बसवायचा.

याक-मिथुनांवर ही माया, तर दुसऱ्या हाताला मोजमाप कडक. एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरं जास्तीत जास्त तीन. लहान असतील तर तीस. कोंबड्यांच्या भरपाईला 10,000 रुपयांची वेस. म्हणजे गोठ्यात पाच म्हशी होत्या आणि पाचही गेल्या, तर पहिल्या तिघी आपत्तीत गेल्या आणि उरलेल्या दोघी स्वखर्चाने. शंभर कोंबड्या शासकीय इतमामात जातात, एकशे एकावी नुसतीच जाते. शिवाय जनावर ‘आर्थिकदृष्ट्या उत्पादक’ असावं अशी एक बारीक ओळ आहे. या ओळीवर आमच्या दूध सोसायटीच्या बाकावर कितीतरी सकाळी खर्ची पडल्या आहेत. म्हैस गाभण असेल तर ती आज दूध देत नाही, मग ती दुभती की भाकड? एक जण म्हणतो, “पोटात रेडकू आहे म्हणजे उत्पादन चालूच आहे की.” दुसरा म्हणतो, “मग रेडकाचे वेगळे 20,000 मागायचे?” तिसरा नुसता दुधाची बरणी उचलून घरी जातो. तो शहाणा.

एका बाबतीत मात्र यादी खरी साम्यवादी आहे. गोव्याची स्वतःची गावठी गाय, जिला भारतीय कृषी संशोधन परिषदेने ‘श्वेतकपिला’ या नावाने अधिकृत जात म्हणून मान्यता दिली, ती दिवसाला दोन-तीन लिटर देते आणि त्याबद्दल उपकाराची भाषा करत नाही. कामधेनू योजनेच्या अनुदानावर आणलेली संकरित गाय तिच्या कितीतरी पट देते, आणि पंखा बंद पडला तर आजारी पडते. दोघी मेल्यावर सारख्याच.

आता आपत्ती. आमच्या भागात पाणी येतं ते दोन दिशांनी, आभाळातून आणि महाराष्ट्रातून. तिळारीचं धरण दोडामार्गात, ते दोन्ही राज्यांच्या भागीदारीतलं. खाली येता येता तीच नदी शापोरा होते आणि मोरजीच्या अंगाला समुद्राला मिळते. भागीदारीत उन्हाळ्याचं पाणी किती कुणाला याचे करार आहेत. पावसाळ्यातलं पाणी मात्र बिनकरार आणि भरभरून मिळतं. ऑगस्ट 2019 मध्ये धरणातून पाणी सोडलं तेव्हा पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीतलं साळ या गावांत ते थेट घरात आलं. पुढे 23 जुलै 2021 ला पुन्हा आलं. तेव्हा साखळीत वाळवंटीही चढली होती. साखळी हा खुद्द मुख्यमंत्र्यांचा मतदारसंघ, त्यामुळे हा 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर असल्याचं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनीच सांगितलं. त्या दोन्ही पुरांत मेलेल्या म्हशींना आधीचे, म्हणजे 2015 चे दर लागू होते. तेव्हा म्हैस 30,000 ची होती. त्या आणखी थोडं थांबल्या असत्या तर घरच्यांना साडेसात हजार जास्त मिळाले असते. पण म्हैस कधी कुणाचं ऐकते?

खरं म्हणजे म्हशीला पूर मारत नाही. म्हैस माणसापेक्षा चांगली पोहते, तिला पाणी म्हणजे माहेर. पुरात म्हशी मरतात त्या दाव्याने. रात्री दोनला गोठ्यात पाणी शिरतं, खुंट्याला बांधलेली म्हैस मान वर करते, दावं पुरत नाही, संपलं. म्हणून नदीकाठची जुनी माणसं पावसाळ्यात उशाशी कोयता घेऊन झोपायची. पाण्याचा आवाज आला की उठायचं, दावी कापायची, जनावरं मोकळी सोडायची. ती पोहत जाऊन कुठल्यातरी टेकाडावर चढतात आणि पाणी उतरलं की दोन-तीन दिवसांत बहुतेक घरी येतात.

बहुतेक. सगळ्या येत नाहीत. आणि इथून पुढे शास्त्र बदलतं. दावं न कापता म्हैस गोठ्यातच मेली, तर तिचं मढं आहे, कानात बिल्ला आहे, गुरांचे दोतोर येऊन शवविच्छेदन करू शकतात, पंचनामा होतो. दावं कापलं आणि ती वाहून गेली, तर यातलं काहीच नाही. म्हणजे सोडली तर म्हैस वाचते, बांधली तर पुरावा वाचतो. रात्री दोन वाजता, कमरेएवढ्या पाण्यात, हातात कोयता घेऊन शेतकऱ्याने या दोहोंपैकी एक निवडायचं असतं. आजवर सगळ्यांनी म्हैसच निवडली. त्यामुळे आमच्या भागात फायली कच्च्या राहिल्या.

अशा कच्च्या फाईलचा एक संवाद ऐकण्याचा योग आला. नदीकाठचे एक काका आणि पंचनाम्याला आलेले तरुण तलाठी. दोघेही गुडघ्यापर्यंत चिखलात.

“म्हस खंय आसा, काका?”

“गेली, सायबा.”

“गेली म्हणजे मेली, की वाहून गेली?”

“वाहून गेली म्हणजे मेलीच ना?”

“तसं लिहिता येत नाही. कुणी मेलेली पाहिली?”

“म्हशीने पाहिली असेल.”

तलाठी हसले नाहीत. त्यांच्याकडे तीन गावं होती, दोन वह्या भिजल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत आकडा वर कळवायचा होता. त्यांनी पुन्हा शांतपणे विचारलं, “खालच्या गावात कुणाला सापडली वगैरे?” काकांनी नदीच्या दिशेने हात केला. खाली पुढची गावं, त्यापुढे बार्देस, त्यापुढे अरबी समुद्र. चौकशीचं क्षेत्र विस्तृत होतं.

यात आणखी एक राष्ट्रीय स्वरूपाचा पेच दडलेला आहे. समजा दोडामार्गातली म्हैस तिथे पाण्यात पडली आणि पोहत, दमत, सीमा ओलांडून साळच्या वायंगणात येऊन मेली. ती महाराष्ट्राच्या आपत्तीत मेली की गोव्याच्या? जिवंतपणी तिने महाराष्ट्राच्या सोसायटीला दूध घातलं, शेवटचा श्वास गोव्यात सोडला. निधी दोन्हीकडे आहे, निकष एकच आहेत, फक्त म्हैस एकच असल्याने वाटणी होत नाही. उलटं सहसा घडत नाही, कारण नदी अजून तरी खालून वर वाहत नाही. तेवढीच सोय.

आता पुराव्यांकडे वळू. आजकाल प्रत्येक गुराच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकड्यांचा क्रमांक. माणसाच्या आधारलाही बाराच आकडे, त्यामुळे घरात समता आहे. बिल्ला असला की जनावर कोणत्या जातीचं, किती वयाचं, लस कधी टोचली, सगळं सरकारी संगणकात. प्रश्न येतो तो बिल्ला कानातून निसटल्यावर. म्हशी खांबाला कान घासतात, काट्यांत घुसतात, एकमेकींचे बिल्ले चघळतात. त्यांना त्याचं गांभीर्य कुणी समजावलेलं नाही. विमा कंपन्यांचा नियम तर सरळच आहे, बिल्ला नाही तर दावा नाही. त्यामुळे विम्याचं जनावर मेलं की घरातली मोठी माणसं रडत असताना एक समंजस माणूस कान शोधत असतो.

बिल्ला नसेल तर फोटो. इथे एक विचित्र अन्याय आहे. वसुबारशीला गाय-वासराची पूजा होते, सुनेच्या मोबाईलमध्ये गाईचे वीसेक फोटो सहज सापडतात. कुंकू लावताना, घास भरवताना, गाईने पदर ओढल्यावर. म्हशीला वसुबारस नाही, म्हणून तिला फोटोही नाहीत. कागदोपत्री ती पहिल्यापासूनच मागास. तिचा दिवस एकच, दिवाळीतला गोरवांचा पाडवा. त्या दिवशी सगळ्या गोरवांना अंघोळ, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा, तोंडात पोळे. फोटो भरपूर निघतात, पण प्रत्येक फोटोत झेंडूची माळ नेमकी कानावर आलेली असते.

मामलेदार कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक हुशार मुलगा बसतो. अर्ज कसा भरावा हे त्याला खात्यापेक्षा जास्त कळतं, असं लोक म्हणतात आणि खात्यातलेही म्हणतात. एका वहिनींनी त्याला मोबाईल दाखवला. त्याने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

“वहिनी, यात कान दिसत नाही.”

“अरे, पण म्हैस दिसते ना?”

“म्हैस दिसते. पण म्हैस सगळ्यांची सारखीच दिसते.”

वहिनींना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, डावं शिंग किंचित आत वळलेलं होतं, आणि ती घरच्यांशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. या तिन्ही ओळखीच्या खुणांना अर्जात रकाना नव्हता. शेवटी उपयोगी पडलं ते दूध सोसायटीचं कार्ड. रोज किती लिटर, फॅट किती, सगळं तारीखवार. मृत्यूच्या आदल्या संध्याकाळी तिने दूध दिलं होतं, याची शाईने नोंद होती. आमच्या गावात अनेकांची जन्मतारीख एवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

मरणाचं कारण हा स्वतंत्र विषय आहे. म्हैस कशाने मेली यावर कुठल्या कचेरीच्या पायऱ्या चढायच्या ते ठरतं. पुरात मेली तर महसूल खातं. तुटलेल्या तारेला चिकटून मेली तर वीज खातं. आकाशातल्या विजेचं वर सांगितलंच. बिबट्याने मारली तर वन खातं, आणि तिथे मढं हलवायचं नाही, सुळ्यांच्या खुणा दिसल्या पाहिजेत, पावलांचे ठसे पुसले जाता कामा नयेत. पावसात ठसे पुसले गेले तर बिबट्याच्या हलगर्जीपणाबद्दल त्याला जाब विचारायची सोय नाही. सर्प चावून मेली तर कुणाच्या पायऱ्या चढायच्या हा प्रश्नच मिटतो, देवळाच्या चढायच्या. आणि सगळ्यात दुर्दैवी ती म्हैस, जी पुरात मरत नाही, पुरानंतर मरते. चार दिवस कुबट पाण्यात उभी राहिलेली, बुरशी आलेलं गवत खाल्लेली, आठवड्याने घटसर्पाने घसा सुजून गेलेली. ती पुराने मेली की रोगाने? पाऊस तर थांबलाय, सूर्य लख्ख पडलाय, आणि दोतोर प्रामाणिक आहेत. ते दाखल्यावर रोगाचंच नाव लिहिणार.

खातं चुकलं की नुसते पाय दुखत नाहीत, कधी कधी त्याहून वाईट घडतं. जानेवारी 2020 मध्ये शेजारच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. वाघांनी मारलेल्या जनावराच्या मढ्यावर विष घातल्याचा आरोप झाला, काही जणांना अटक झाली, आणि गुरांची भरपाई वेळेवर मिळते का, हा प्रश्न तेव्हा कुठे पणजीत मोठ्या आवाजात विचारला गेला. एका गाईची भरपाई आणि चार वाघ, यातलं स्वस्त काय होतं हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सिंधुदुर्गातून ओंकार नावाचा तरुण हत्ती कुठलाही दाखला न घेता पेडण्यात शिरला आणि शेतांतून, बागायतींतून फिरला, तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “ह्याची फाईल कुठल्या खात्यात?” लोक शिकले आहेत.

आता गोठा. घराला लागून असलेला गोठा पडला तर 3,000 रुपये. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा 2,100 होते. त्या रविवारी पेडण्यात पत्रे असे उडाले की कुणाचा पत्रा कुणाच्या बागायतीत पडला हे शोधायला लोकांना आठवडा लागला. वीज नव्हती, वर कोविडची संचारबंदी. तीन हजारांत आज चार बरे पत्रे येतात, नेणावळ वेगळी. उरलेल्या गोठ्याला आभाळ आहे. पण माझी हरकत रकमेला नाही, ‘लागून’ या शब्दाला आहे. आरोग्याची पुस्तकं सांगतात, गोठा घरापासून दूर बांधा. शेजारी सांगतात, आणखी दूर बांधा. पंचायतीत वासाच्या तक्रारी येतात. शेतकरी सगळ्यांचं ऐकून गोठा पार माडांच्या पलीकडे नेतो, आणि वादळानंतर कळतं, की तो घराला लागून नाही.

आणि तो कुणाच्या जमिनीवर आहे, हा प्रश्न तर विचारूच नये. मये गावात गोवामुक्तीनंतर भाटकार, म्हणजे जमीनमालक, पोर्तुगालला गेला, गावच्या गाव ‘स्थलांतरितांची मालमत्ता’ म्हणून सरकारच्या ताब्यात आलं, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं स्वतःच्याच अंगणात पाहुणी झाली. कायदा व्हायला 2014 साल उजाडलं. पेडण्यातही कूळ, मुंडकार, भाटकार यांच्या कहाण्या काही कमी गुंत्याच्या नाहीत. अशा गावात “एक-चौदाचा उतारा जोडा” असं सांगणं म्हणजे माणसाला त्याच्या पणजोबांच्या भांडणात पाठवणं. अर्ज म्हशीचा, पण सही चार चुलतभावांची लागते. त्यातला एक मुंबईत, एक कुवेतमध्ये, एक घरातच आहे पण बोलत नाही.

एवढं सगळं जुळून आलं की फाईल वर जाते. आणि मग ऐकू येते ती आमच्या राज्यातली सर्वांत आवडती तारीख, चवथीपूर्वी. गोव्यात सरकारचा प्रत्येक रुपया चवथीपूर्वी यायचा असतो. दुधाचं अनुदान चवथीपूर्वी, पिकाची भरपाई चवथीपूर्वी, म्हशीचे पैसेही चवथीपूर्वी. पुढारी गमबूट घालून पाण्यात उभे राहतात, कॅमेऱ्याकडे बघून शब्द देतात, आणि तो बहुधा मनापासून दिलेला असतो. फक्त कुठली चवथ ते विचारायचं राहून जातं. दरम्यान घरात माटोळी सजते, करंज्या होतात, आणि गणपतीसमोर उभे राहून काका जे मागतात त्यात पासबुकाचा उल्लेख असतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी खात्यांची टिंगल करतोय. तसं नाही. पुरानंतर सगळ्यांत आधी चिखलात उतरतात ते गुरांचे दोतोरच. तीन दिवसांच्या मढ्याचं शवविच्छेदन उघड्यावर, पावसात, छत्री धरायला एक गावकरी घेऊन करतात, आणि तेवढ्यात पलीकडच्या वाड्यावरून हाक येते की एक गाय व्याली आहे आणि वार अडकलीय. तलाठ्याने डोळ्यांनी न पाहिलेली म्हैस मेलेली लिहिली, तर पुढे लेखापरीक्षक विचारणार. आणि खोटे दावे होत नाहीत असंही नाही. एकाच मेलेल्या म्हशीने दोन वाड्यांवर पंचनामा करून घेतल्याच्या कथा आमच्याकडे चवीने सांगतात. नियम लिहिणाऱ्याने त्या कथा ऐकलेल्या असणार. म्हणून त्याने मेलेल्या म्हशीकडे संशयाने पाहायचं ठरवलं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. मेलेल्या म्हशीला निदान संशय तरी मिळतो. वाचलेल्या म्हशीला काहीच मिळत नाही. दावं कापल्यावर टेकाडावर चढलेली, दोन रात्री भिजत उभी राहिलेली, तिसऱ्या दिवशी घरी आलेली म्हैस बघा. खुर कुजलेत, कासेला सूज आलीय, आठ लिटर देणारी दीडवर आलीय. गवताची उडवी भिजून काळी पडलीय. रस्ता वाहून गेल्यामुळे सोसायटीची गाडी येत नाही, म्हणून जे दीड लिटर निघतं तेही घरीच नासतं. ती पूर्वपदावर यायला पुढचं वेत उजाडतं, तोवर तिला खायला मात्र रोज लागतं. शेतकऱ्याला बुडवते ती ही म्हैस. मेलेली एकदाच नुकसान करते, वाचलेली दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. दरपत्रकात तिच्यासाठी कुठे जागा आहे का म्हणून शोधलं, तर चाऱ्याचे पैसे सापडतात. मोठ्या जनावराला दिवसाला 80 रुपये, लहानाला 45. पण ते छावणीत. आमच्याकडे छावणी नसते. आमच्याकडे गुरं बांधतात देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या पडवीत, नाहीतर उंच रस्त्याच्या कडेला, आणि गवत आणतात मेव्हण्याच्या गावाहून. सरकारी छावणी लागायच्या आत आमची सोय झालेली असते, हा आमचा गुन्हा.

हिशेब सोपा आहे. राज्याने प्रत्येक पूरगावात मे महिन्यात घटसर्पाच्या लशीबरोबरच जनावरांची यादी करून ठेवली, बिल्ले तपासले, तर निम्मे वाद पाणी यायच्या आधीच मिटतील. पुरानंतर पंधरा दिवस पेंड आणि सुकं गवत थेट सोसायटीमार्फत गेलं, तर 37,500 च्या कितीतरी फायली उघडाव्याच लागणार नाहीत. सोसायटीला प्रत्येक म्हशीचं फॅटसुद्धा ठाऊक असतं, तिच्याकडून कुणी खोटी म्हैस पास करून घेऊ शकत नाही. आणि दाव्याला गाठ अशी मारावी की एका ओढीत सुटेल, हे शिकवायला तर अनुदानही लागत नाही, गावातला एखादा म्हातारा पुरतो.

हे होईपर्यंत शेतकऱ्याने आपली तयारी ठेवावी. पाडव्याला फोटो काढताना झेंडूची माळ जरा मागे सारावी आणि कान पुढे घ्यावा. सोसायटीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावं, एक-चौदाचा उतारा असेल तर त्याच्याशेजारी. कुवेतच्या भावाशी संबंध चांगले ठेवावेत. जूनपासून कोयता उशाशी घ्यावा, आणि दावं कापण्याआधी, जमल्यास, एक फोटो. एवढी सगळी तयारी असताना म्हैस पोहून, धडधाकट, स्वतःच्या पायांनी गोठ्यात परत आलीच, तर पुढे काय करायचं, याचं परिपत्रक अजून निघायचं आहे.